वर्तमानपत्राचा फेरफार

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये 'सनद', म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी कागद, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हापासून इथल्या माणसांच्या तोंडी एक प्रश्न कायम राहिला: राहतो आपण, पण जागा कुणाच्या नावावर आहे? सनद असलेली खोली आणि नसलेली खोली भिंतीला भिंत लावून उभ्या असतात. दोन्हीकडे सारखेच दार, सारखाच पत्रा, सारखाच संसार. फरक कळतो तो खोली विकायला निघाल्यावर. मग वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो: अमुक मिळकतीवर कुणाचा हक्क, बोजा, दावा असल्यास इतक्या दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. ती बारीक टाइपातली चौकट या गावात पहिल्या पानाच्या मथळ्याइतक्याच काळजीने वाचली जाते. दुसऱ्यांच्या मालकीचे खरेखोटे रोज असे छापणाऱ्या वर्तमानपत्राची स्वतःची मालकी मात्र आपण वाचक क्वचितच तपासतो.

ती छापलेली असते, लपवलेली नसते. शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते: हे पत्र अमक्या मुद्रक-प्रकाशकांनी, तमक्या मालकांसाठी, अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले, संपादक अमुक. शिवाय वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनी वर्षातून एकदा, फेब्रुवारी सरल्यानंतरच्या पहिल्या अंकात, एक निवेदन छापणे बंधनकारक केले. नाव अगदी कोरडे: 'नमुना ४, नियम ८ पहा'. त्यात सहा बाबी. प्रकाशनाचे ठिकाण, प्रकाशनाचा काळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक; आणि सहावी बाब सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे मालकांची नावे आणि एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त भाग ज्यांच्याकडे आहे अशा भागीदारांची किंवा भागधारकांची नावे-पत्ते. खाली प्रकाशकाची सही. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२३ चा नवा कायदा आला आहे आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. पण पत्र कुणाचे हे वाचकाला कळले पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे कायद्याने फार पूर्वी मान्य केले.

माझे म्हणणे असे की ही माहिती आवश्यक आहे, पण अपुरी आहे. शेतजमिनीचे कागद ज्याने हाताळले आहेत त्याला हे चटकन पटेल. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, पण जमिनीचे खरे नाट्य घडते ते फेरफारात. नाव बदलायचे झाले की तलाठी नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. वडील गेले म्हणून एका भावाने गुपचूप नाव चढवले असे होऊ नये यासाठी ही सगळी व्यवस्था. वर्तमानपत्राचेही तसेच आहे. आजचा मालक कोण, तो भला की बुरा, यापेक्षा मोठा प्रश्न हा, की पत्र उद्या दुसऱ्याच्या हाती जाताना कुणाला विचारावे लागते, कुणाला हरकत घेता येते. मराठी पत्रसृष्टीला थोर संस्थापक मिळाले. पण संस्थापकानंतर पत्राचे काय व्हावे याची पक्की नियमावली आपण उभी केली नाही, आणि तिथेच आपले सर्वांत मोठे नुकसान झाले.

आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या पत्राची फूटच मुळात या प्रश्नावर उजेड टाकते. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, इंग्रजी 'मराठा' त्याच्या दोनच दिवस आधी. चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी यांचा तो सामायिक उद्योग होता. शाळा, छापखाना आणि पत्रे अशी सगळी एकत्र मांडणी. आगरकर 'केसरी'चे संपादक. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक-आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. इतक्या जवळच्या माणसांमध्ये सामाजिक सुधारणेवरून मतभेद झाले, तेव्हा पत्राने काय बोलावे हे ठरवणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. पत्र सर्वांचे, म्हणजे संपादकाचे एकट्याचे नव्हे. शेवटी १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. काही वर्षांनी पत्रांची मालकी, त्यांच्यावरच्या कर्जासह, टिळकांकडे आली. आपण हा इतिहास शाळेपासून विचारांचा झगडा म्हणून शिकतो, आणि तो तसा होताच. पण ज्याच्याकडे पत्राची मालकी राहिली त्याचा आवाज पिढ्यानपिढ्या ऐकू आला, आणि ज्याला नवे पत्र शून्यातून उभारावे लागले त्याच्या पत्राला तेवढे दीर्घ आयुष्य लाभले नाही. आगरकर १८९५ मध्ये गेले. वय अवघे ३८.

याच गोष्टीची दुसरी बाजू १९२० मध्ये दिसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू केला, त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या पत्राची जाहिरात, पैसे देऊनही, 'केसरी'ने छापली नाही. ज्यांच्या हाती छापखाना नाही त्यांच्यासाठी जाहिरातीचा रकानाही बंद होऊ शकतो, हे त्या एका नकाराने स्पष्ट केले. बाबासाहेबांनी मग 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी एकामागून एक पत्रे स्वतः काढली, ती या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर पाहावीत. मालकी हा केवळ नफ्यातोट्याचा विषय असता तर एका समाजाला आपले म्हणणे मांडायला दरवेळी नवे पत्र काढण्याचा खटाटोप करावा लागला नसता.

आता थोडे दूर जाऊ, कारण हा प्रश्न ज्यांनी फार बारकाईने सोडवायचा प्रयत्न केला, आणि ज्यांना त्यात यश व अपयश दोन्ही आले, त्यांत फ्रान्सचे 'ल मोंद' हे दैनिक आहे. 'मोंद' म्हणजे जग. त्याची कहाणी सुरू होते दुसऱ्या एका पत्रापासून. 'ल ताँ' म्हणजे 'काळ' नावाचे प्रतिष्ठित दैनिक पॅरिसमध्ये १८६१ पासून निघत होते. १९२९ मध्ये पोलाद आणि कोळसा उद्योगांच्या बड्या संघटनांनी त्याचे समभाग घेतले, आणि वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. वाचक सकाळी परराष्ट्र धोरणावरचा अग्रलेख वाचत होता, आणि तो लेख कुणाच्या घरच्या शाईने लिहिला जातो हे त्याला माहीत नव्हते. या पत्राचा प्राग शहरातला वार्ताहर होता युबेर बव-मेरी. १९३८ मध्ये म्युनिकच्या कराराने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देण्यात आला, आणि आपले पत्र त्या कराराच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा त्याने राजीनामा दिला.

दुसरे महायुद्ध संपत आले तसे फ्रान्सने या सगळ्याचा हिशेब मांडला. २६ ऑगस्ट १९४४ च्या अध्यादेशाने पत्रांच्या मालकांची नावे उघड करणे सक्तीचे केले आणि बेनामी मालकीला मनाई केली. जर्मनांच्या अमलाखालीही छापत राहिलेल्या पत्रांना पुन्हा निघण्याची बंदी झाली, त्यात 'ल ताँ'ही सापडले. त्याची इमारत, त्याची यंत्रे, त्याचा आकार घेऊन, जनरल द गॉल यांच्या इच्छेने एक नवे पत्र उभे राहिले, आणि त्याची धुरा बव-मेरी यांच्याकडे आली. १९ डिसेंबर १९४४ ही तारीख घातलेला तो पहिला अंक. मालकाशी न पटल्याने पत्र सोडून गेलेला वार्ताहर सहा वर्षांनी त्याच इमारतीत नव्या पत्राचा प्रमुख म्हणून परतला. ही घटना सुखद आहे, पण ती फार विशेष परिस्थितीमुळे घडली. एका महायुद्धाने जुना मालक दूर केला होता.

म्हणून १९५१ मध्ये घडले ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. शीतयुद्धात पत्राने अमेरिकेच्या गोटात जायला नकार दिला, हे भांडवलातल्या काही भागीदारांना रुचले नाही. बव-मेरी यांनी राजीनामा दिला. तेव्हा पत्रातले पत्रकार आणि बाहेरचे वाचक एकत्र आले, आणि राजीनामा मागे घ्यावा लागला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनी कागद बदलून घेतले. पत्रकारांची एक संस्था स्थापन झाली आणि तिला भांडवलाचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा मिळाला. इतका वाटा असला की महत्त्वाचा ठराव अडवता येतो. पुढे १९६८ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. १९८५ मध्ये पत्र अडचणीत आले तेव्हा वाचकांचीही संस्था निघाली आणि हजारो वाचकांनी छोटे छोटे समभाग घेतले. आपल्या मराठी भाषेत सांगायचे तर कुळांची नावे उताऱ्यावर चढली. जमीन कसणाऱ्याला हक्क, हे जे तत्त्व आपण शेतीत कायद्याने आणले, ते त्यांनी बातमी कसणाऱ्याला लावून पाहिले.

आणि तरीही पैसा संपला. हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. कर्ज वाढत गेले, आणि २०१० मध्ये 'ल मोंद' तीन धनिकांच्या हाती गेले: पिएर बेर्जे, झाव्हिए नील आणि मात्यू पिगास. किंमत सुमारे ११ कोटी युरो. पत्रकारांचे मालकीतले वर्चस्व गेले. पण जाताना त्यांनी एक अट राखली: संपादकीय प्रमुख नेमायचा तर मालकांनी नाव सुचवावे, आणि पत्रकारांच्या मतदानात त्याला ६० टक्के मान्यता मिळावी. ही अट शोभेची नव्हती. २०१५ मध्ये मालकांनी सुचवलेल्या जेरोम फेनोग्लिओ यांना पहिल्या मतदानात सुमारे ५५ टक्के मते पडली, म्हणजे बहुमत असूनही ते नापास झाले. मग पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान, आणि जूनअखेर दोनतृतीयांशांहून अधिक मतांनी ते निवडून आले. पुढे २०१८ मध्ये पिगास यांनी आपल्या हिश्शातला मोठा भाग चेक उद्योगपती डॅनिएल क्रेटिन्स्की यांना विकला. तेव्हा शेकडो पत्रकार जाहीरपणे उभे राहिले. त्यांची मागणी एकच होती: नियंत्रण नव्या माणसाकडे जाणार असेल तर आमची संमती लागेल असे लिहून द्या. २०१९ मध्ये ते लिहून मिळाले. फेरफाराची नोटीस आणि हरकतीची मुदत, दोन्ही त्यांनी मिळवली.

आता आपल्याकडे येऊ, आणि योगायोग असा की इथेही फ्रान्सचा एक धागा आहे. 'सकाळ'चे संस्थापक डॉ. नारायण भिकाजी ऊर्फ नानासाहेब परुळेकर. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली, आणि फ्रेंच तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुण्यात त्या शांताबाई परुळेकर म्हणून ओळखल्या गेल्या. १ जानेवारी १९३२ रोजी 'सकाळ' सुरू झाला. तोवरचे मराठी पत्र म्हणजे प्रामुख्याने अग्रलेख, एका मोठ्या माणसाची वाणी. परुळेकरांनी पत्राला बातमीच्या पायावर उभे केले. तालुक्याच्या गावी वार्ताहर नेमले. बाजारभाव, पाऊस, नगरपालिकेची सभा, रस्त्यावरचा खड्डा हे विषय पानात आणले. सामान्य माणसाचे नाव वर्तमानपत्रात गुन्हा केल्याशिवायही येऊ शकते, हे मराठी वाचकाला त्यांनी दाखवून दिले, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही.

हे पत्र देशाच्या घटनात्मक इतिहासात गेले ते १९६१ मध्ये. केंद्र सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश काढून वर्तमानपत्राची किंमत त्याच्या पानांच्या संख्येशी बांधली होती. 'सकाळ' तेव्हा सात नये पैशांना मिळे, आणि रोजचा अंक साधारण सहा पानांचा. खप ५० हजारांच्या पुढे. आदेशाप्रमाणे एक तर पाने कमी करायची, नाहीतर किंमत वाढवायची. पाने घटली तर बातमी घटणार, किंमत वाढली तर वाचक तुटणार. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि कंपनीबरोबर त्याचे वाचकही अर्जदार म्हणून न्यायालयात गेले, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा आणि तो आदेश दोन्ही रद्द केले. पान किती छापायचे आणि ते किती लोकांपर्यंत न्यायचे, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे त्या दिवशी ठरले. देशभरचे वकील आजही हा निकाल 'सकाळ पेपर्स' या नावाने ओळखतात.

सरकारपासून पत्र असे वाचले. पण त्या पत्राचा फेरफार कसा व्हावा, याला उत्तर नव्हते. नानासाहेब जानेवारी १९७३ मध्ये गेले. १९८५ मध्ये 'सकाळ'ची सूत्रे पवार कुटुंबाकडे आली. समभागांच्या हस्तांतरावरून नानासाहेबांच्या कन्या क्लॉड-लीला परुळेकर न्यायालयात गेल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि निकाल लागला २००५ मध्ये.  वादाचे मुद्दे पाहिले की मन विषण्ण होते. हस्तांतराच्या दस्तावरची मुद्रांकांची पूर्तता रीतसर झाली होती का, कंपनीच्या नियमावलीतल्या कलमांचे पालन झाले का, असे ते मुद्दे. न्यायालयाला कायद्याप्रमाणे यावरच विचार करायचा होता, त्याचा दोष नाही. नव्या मालकांनी पत्र वाढवले, आवृत्त्या वाढवल्या, हेही खरे. माझा मुद्दा त्यांच्या भलेबुरेपणाचा नाहीच. १९६१ मध्ये ज्या पत्रासाठी वाचक दिल्लीला न्यायालयात गेले, त्याच पत्राचा मालक बदलताना ना वाचकाला काही विचारण्याची सोय होती, ना तिथे काम करणाऱ्या पत्रकाराला. कायद्याच्या नजरेत ते एखाद्या कारखान्याच्या समभागांसारखेच समभाग होते.

आपल्या सरकारांना हे सुचले नव्हते असे नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात मालकी थोड्या हातांत गोळा होण्याची चिंता नोंदवली होती. पानांना किंमत बांधण्याची कल्पनाही लहान पत्रे वाचावीत म्हणून तिथूनच आली. १९७२ च्या 'बेनेट कोलमन' खटल्यात कागदाच्या वाटपावरची सरकारी बंधने न्यायालयाने रद्द केली, तेव्हा न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी बहुमताशी असहमत असा वेगळा निकाल लिहिला. पुढे तेच दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८२ च्या त्या अहवालाने मोठ्या पत्रांना मालकाच्या इतर उद्योगांपासून वेगळे करण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. त्या काळात ज्यांना भीती वाटली त्यांची भीती खोटी नव्हती. आणीबाणीची आठवण ताजी होती, आणि 'मालकी सुधारतो' म्हणून सरकार पत्राच्या कचेरीत शिरले तर पुन्हा बाहेर पडेल याची हमी कोण देणार? म्हणूनच मी सरकारी उपायाचा आग्रह धरत नाही. 'ल मोंद'मध्येही पत्रकारांना ६० टक्क्यांची अट कोणत्याही मंत्र्याने मिळवून दिली नाही. ती मालक आणि पत्रकार यांच्यातल्या कराराने आली.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा, आणि तो वजनदार आहे. अंक छापायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची किंमत नसते; मधले अंतर जाहिरात भरून काढते. संपादकाने स्वतः चालवलेली अनेक पत्रे आपल्याकडे टिकली नाहीत. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याने जे केले ते महाराष्ट्र विसरणार नाही, पण १९६९ मध्ये अत्रे गेले आणि त्यांच्या मागे तो फार काळ तगला नाही. उलट मोठ्या समूहांनी काढलेली पत्रे, १९४८ मधला 'लोकसत्ता' किंवा १९६२ मधला 'महाराष्ट्र टाइम्स', आजही घरोघरी जातात. तेव्हा धनवान मालक ही पत्राची गरज आहे, असे कुणी म्हटले तर मी ते नाकारत नाही. मी एवढेच विचारतो, की पैसा आणणे आणि संपादक नेमण्याचा-काढण्याचा निरंकुश अधिकार असणे, ही एकच गोष्ट आहे का? पॅरिसमध्ये तीन धनिकांनी कोट्यवधी युरो ओतले आणि तरीही ६० टक्क्यांची अट मान्य केली. पैसा अटीसकट येऊ शकतो, हे तिथे सिद्ध झाले आहे.

दुसरा आक्षेप: मालक चांगला असला की पुरे. आणीबाणीत रामनाथ गोएंकांनी सरकारपुढे मान तुकवली नाही. त्यांच्या 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, आणि त्या धैर्याचा आदर मी मनापासून करतो. पण चांगला मालक ही दैवाची देणगी आहे. त्याच गोएंकांनी आपलेच संपादक बदललेही. नानासाहेब परुळेकरही चांगलेच मालक होते, आणि म्हणूनच त्यांच्यानंतरचा प्रश्न इतका तीव्र झाला. तिसरा आक्षेप पर्यायाच्या रूपात येतो, तो विश्वस्त संस्थेचा. इंग्लंडमध्ये 'गार्डियन' १९३६ मध्ये न्यासाकडे गेला. आपल्याकडे टिळकांच्या मागे 'केसरी' न्यासाकडे गेला आणि १८८१ मधले पत्र आजही निघते, ही लहान गोष्ट नाही. न्यासाकडचे पत्र सहज विकता येत नाही, हे त्याचे बळ. पण पत्रात रोज नवे रक्त आणणे न्यासाला आपोआप जमत नाही. विश्वस्तांवर लक्ष ठेवणारेही कुणी लागते. म्हणून न्यास हवा की कंपनी हवी या वादात मला रस कमी वाटतो. ज्या व्यवस्थेत पत्रकाराला आणि वाचकाला बदलाची आगाऊ नोटीस मिळते आणि हरकत घेता येते, ती व्यवस्था चांगली.

चौथा आक्षेप तरुण वाचकांचा: आता बातमी फोनवर येते, कागदाच्या मालकीची चिंता कशाला? नेहरू चौकात किंवा गजानन मार्केटमध्ये कपड्याच्या दुकानात बसलेला माणूस दिवसभरात डझनभर बातम्या फोनवरच वाचतो, मान्य. पण त्या बातमीचे मूळ शोधत गेले तर बहुधा कुठल्या तरी पत्राच्या किंवा वाहिनीच्या वार्ताहराची पायपीट सापडते. आणि जिचे मूळ सापडत नाही, त्या फॉरवर्डला मुद्रक-प्रकाशकाची ओळच नसते. अंकाच्या तळाशी छापलेल्या त्या ओळीमुळे खोटे छापले तर कुणावर दावा लावायचा हे कळते. कागद कमी होईल, पण ही ओळ कमी होता कामा नये.

आपल्या उल्हासनगरच्या भागाला तर याची गरज आणखी जास्त आहे. ठाणे जिल्ह्याची मराठी पत्रपरंपरा जुनी. ठाण्यात 'अरुणोदय' १८६६ मध्ये निघाला, म्हणजे 'केसरी'च्या १५ वर्षे आधी. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मराठी, हिंदी, सिंधी, इंग्रजी अशा भाषांत वाचणारी घरे शेजारी शेजारी आहेत. राज्य पातळीवरचे दैनिक इथल्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचत नाही. नगरपालिकेचा ठराव, बिल्डरचा नकाशा, अनधिकृत मजला, नाल्यातले रसायन हे स्थानिक पत्रानेच सांगायचे असते. आणि स्थानिक पत्राचा खर्च बऱ्याचदा त्याच बिल्डरच्या जाहिरातीवर, त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर, त्याच पालिकेच्या निविदा-सूचनांवर चालतो. नमुना ४ मध्ये यातले काही मागितलेले नव्हते. म्हणून मराठी पत्रांनी, मोठ्यांनी आणि छोट्यांनी, स्वतःहून तीन गोष्टी छापाव्यात असे मी सुचवतो. मालकाचे इतर धंदे कोणते. त्या धंद्यांशी संबंध असलेली बातमी असेल तर बातमीच्या खाली तसे एका वाक्यात. आणि संपादकाला कोण नेमतो, कोण काढू शकतो. याला कायदा लागत नाही आणि खर्चही येत नाही. जे पत्र हे छापील त्याच्यावर वाचकाचा विश्वास वाढेलच.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. उद्याचा अंक हातात आला की शेवटच्या पानाची तळाची ओळ वाचा. मालकाचे नाव एखाद्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. वर्षभराने पुन्हा वाचा, आणि नाव बदललेले दिसले तर संपादकांना पत्र लिहून विचारा की हा फेरफार झाला तेव्हा कुणाला नोटीस दिली होती.